'मी कोण' विचारण्याआधी: उपनिषदं वाचू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत सात-आठ जण उपनिषदं वाचायला जमतो. कोणी निवृत्त, कोणी नोकरीवरून थेट डबा घेऊन येणारं, एक मुलगी तर कॉलेजातली. आमच्यात संस्कृतचा पंडित कोणी नाही. नवा माणूस आला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तेच ते प्रश्न येतात. दर वेळी तोंडी सांगताना मी काहीतरी विसरतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

उपनिषद म्हणजे नेमकं काय? वेद वेगळे आणि उपनिषदं वेगळी ना?

वेगळी नाहीत. संहिता (मंत्रांचा संग्रह), ब्राह्मण (यज्ञकर्माचं विवरण करणारे ग्रंथ), आरण्यक (रानात अभ्यासायचा भाग) आणि उपनिषद अशी वेदवाङ्मयाची उतरंड शाळेत सांगतात. उपनिषदं शेवटी येतात म्हणून त्यांना 'वेदान्त' म्हणतात. प्रत्यक्षात मांडणी इतकी चोख नाही. ईशावास्य हे थेट शुक्ल यजुर्वेदाच्या संहितेतच आहे, तिचा शेवटचा म्हणजे ४० वा अध्याय. बृहदारण्यक शतपथ ब्राह्मणाच्या शेपटाला जोडलेलं आहे.

'उप-नि-सद्' म्हणजे जवळ खाली बसणं, ही फोड सगळ्यांना ठाऊक असते. शंकराचार्य मात्र 'सद्' धातूचे दुसरे अर्थ घेतात: अविद्या सैल करणारी, तिचा नाश करणारी, ब्रह्मापर्यंत पोचवणारी ती उपनिषद. खुद्द ग्रंथांत हा शब्द बऱ्याचदा 'गुपित' अशा अर्थाने येतो. 'सत्याचं सत्य' हे त्या आत्म्याचं उपनिषद, म्हणजे त्याचं गुप्त नाव, असं बृहदारण्यकात आहे. मला हा अर्थ जवळचा वाटतो.

एकूण १०८ आहेत का?

१०८ ही मुक्तिकोपनिषदातली यादी. त्याखेरीजही पुष्कळ आहेत. अकबराच्या काळात रचलं गेलं असं मानलं जाणारं एक अल्लोपनिषदसुद्धा आहे. आदि शंकराचार्यांच्या परंपरेत दहा मुख्य धरतात: ईश, केन, कठ, प्रश्न, मुंडक, मांडूक्य, तैत्तिरीय, ऐतरेय, छांदोग्य, बृहदारण्यक. श्वेताश्वतर आणि कौषीतकी यांनाही बराच मान आहे. दहा पुरेत. दहा संपवून अकरावं मागायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी आजवर एकही उपनिषद वाचलेलं नाही. मला झेपेल का?

मराठी घरात वाढला असाल तर एक उपनिषद तुम्हाला बहुधा पाठ आहे. गणपती अथर्वशीर्ष! १०८ च्या यादीत ते गणपत्युपनिषद म्हणून आहे, आणि शेवटी 'इत्युपनिषत्' असं आपण म्हणतोही. त्यातलं पहिलंच विधान आठवा: 'त्वमेव प्रत्यक्षं तत्त्वमसि.' छांदोग्यातल्या 'तत्त्वमसि' (ते तू आहेस) या महावाक्याचे शब्द आपण गणपतीत आरत्यांच्या धबडग्यात, एकवीस आवर्तनं मोजत, प्रसादाकडे एक डोळा ठेवून म्हणत आलो. पुढे 'त्वमवस्थात्रयातीतः' येतं. जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्थांच्या पलीकडचा. मांडूक्याच्या १२ मंत्रांचा सगळा रोख याच शब्दात आहे.

गटात पहिल्या दिवशी हे सांगितलं की हमखास कोणीतरी मनातल्या मनात अथर्वशीर्ष पुटपुटायला लागतं. ओठ हलताना दिसतात.

सुरुवात कोणत्या उपनिषदापासून करावी?

बहुतेक जण ईशावास्य सुचवतात, कारण ते १८ मंत्रांचं आहे. लहान आहे म्हणून सोपं, हा गैरसमज. 'ते हलतं, ते हलत नाही' इथे पाचव्या मंत्रातच माणूस अडतो आणि पुस्तक कपाटात जातं. मांडूक्य तर त्याहून लहान आणि त्याहून कठीण. त्यावरच्या गौडपादाचार्यांच्या कारिकाच, म्हणजे अर्थ उलगडणारे श्लोकच, २१५ आहेत.

माझं मत: कठापासून करा, नाहीतर छांदोग्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायापासून. तिथे माणसं आहेत, त्यांची आपसांत बोलणी आहेत. नचिकेत्याचा बाप दानाला म्हाताऱ्या, भाकड गाई देतो आणि पोराला ते बघवत नाही, इथून कठ सुरू होतं. रागावलेला बाप 'तुला मी मृत्यूला दिलं' म्हणून मोकळा होतो. असं तोंडून जाणं कुठल्या घरात झालेलं नाही?

'आत्मा' म्हणजे काय? मेल्यावर शरीरातून निघून जातो तो का?

आपल्या बोलण्यात आत्मा म्हटलं की पिंपळावरचा, नाहीतर श्राद्धाच्या पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घुटमळणारा. उपनिषदांत परलोकाच्या वाटांची वर्णनं आहेत, नाही असं नाही. पण मुख्य शोध वेगळा आहे. 'मी' म्हणताना आपण नेमकं कशाकडे बोट दाखवतो, हा तो शोध.

इथे व्याख्या न सांगता मी इंद्र-विरोचनाची गोष्ट सांगतो. छांदोग्याचा आठवा अध्याय.

प्रजापती म्हणाला की ज्याला जरा नाही, मृत्यू नाही, शोक नाही, भूक-तहान नाही, त्या आत्म्याला शोधलं पाहिजे. देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, दोघे हातात समिधा घेऊन त्याच्याकडे आले आणि ३२ वर्षं राहिले. मग प्रजापती म्हणाला, डोळ्यात जो पुरुष दिसतो तो आत्मा. यांनी विचारलं, म्हणजे पाण्यात आणि आरशात दिसतो तोच का? त्याने पाण्याने भरलेल्या शरावात, म्हणजे पसरट भांड्यात, बघायला लावलं. केसांपासून नखांपर्यंत सगळं दिसलं. दागिने घालून, चांगले कपडे करून पुन्हा बघायला लावलं. तसंच नटलेलं प्रतिबिंब दिसलं. दोघेही समाधानाने निघाले.

प्रजापतीने त्यांना अडवलं नाही, इथे मी नेहमी थांबतो. पाठमोरे जाताना पाहून तो फक्त म्हणाला की आत्मा न सापडताच निघाले हे. विरोचन असुरांकडे पोचला आणि देहाचीच पूजा करा असं शिकवू लागला. ३२ वर्षं त्यानेही काढली होती, कष्टात तो कुठे कमी पडला नव्हता. त्याला मिळालेलं उत्तर पटलं, एवढंच त्याचं चुकलं.

इंद्राला मात्र वाटेतच शंका आली. अंग नटलं की प्रतिबिंब नटतं, तर अंग आंधळं झालं की तेही आंधळं, अंग गेलं की तेही गेलं. यात मला काही भलं दिसत नाही. परत फिरला. आणखी ३२ वर्षं. आता उत्तर मिळालं: स्वप्नात हिंडतो तो. हा निघाला आणि पुन्हा वाटेतच अडला. स्वप्नातही कोणीतरी पाठलाग केल्यासारखं होतं, रडू येतं. परत. आणखी ३२. गाढ झोपेत स्वप्नही पाहत नाही तो. पुन्हा शंका: तिथे तर 'हा मी' एवढंही कळत नाही, नाहीसा झाल्यासारखाच होतो. परत. या वेळी ५ वर्षं. एकूण १०१.

शेवटी प्रजापती सांगतो ते असं: शरीर मर्त्य आहे, मृत्यूने धरलेलं आहे, पण त्या अशरीर आत्म्याचं ते राहण्याचं ठिकाण आहे. 'याचा वास घ्यावा' असं जो जाणतो तो आत्मा, नाक हे वास घेण्यापुरतं. 'हे बोलावं' असं जाणतो तो आत्मा, वाणी बोलण्यापुरती. थोडक्यात, जे जे समोर ठेवून बघता येतं ते तो नाही. बघणाऱ्याकडे वळायचं आहे, आणि वळायला गेलं की तोही समोर आल्यासारखा वाटतो. पंचाईत तिथेच आहे.

पण बघणारा दिसणारच नसेल, तर तो आहे कशावरून?

बृहदारण्यकात जनक राजा याज्ञवल्क्य ऋषीला हेच जरा आडवळणाने विचारतो. माणसाला उजेड कशाचा? सूर्याचा. सूर्य मावळला तर? चंद्राचा. चंद्रही मावळला तर? अग्नीचा. अग्नीही विझला तर? वाणीचा. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही अशा ठिकाणी कोणी आवाज दिला तर माणूस त्या रोखाने जातो, असं याज्ञवल्क्य म्हणतो.

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोळचं खळं आठवलं. पावसात वीज गेलेली, कंदिलातलं तेल संपलेलं, आणि माजघरातून आजीची हाक: 'अरे, उंबऱ्याला अडखळशील, आवाजाच्या रोखाने ये.' आम्ही भिंत चाचपत जायचो.

राजा पुढे विचारतो, आवाजही थांबला तर? मग आत्माच त्याचा उजेड. सगळं मिटलेल्या काळोखातसुद्धा 'काळोख आहे' हे कळतंच की. ते कशाच्या उजेडात कळतं, एवढं बघा म्हणतात.

तत्त्वमसि म्हणजे 'मीच देव' का? हा अहंकार नाही का?

ज्याला हे वाक्य ऐकवलं तोच अहंकारी होता. श्वेतकेतू बाराव्या वर्षी शिकायला गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ्यात परतला. बाप उद्दालक आरुणी त्याला विचारतो की ज्यामुळे न ऐकलेलंही ऐकलेलं होतं, ते तू गुरूला विचारलंस का? पोराला पत्ताच नाही. मग बाप एकेक दाखला देतो आणि दर दाखल्यानंतर म्हणतो: 'तत्त्वमसि श्वेतकेतो.' असं नऊ वेळा.

त्यातला मिठाचा दाखला आम्ही गटात करून पाहिला. मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये, असं उद्दालक सांगतो. एका काकूंनी लगेच शंका काढली, 'रात्रभर कशाला? मीठ तर लगेच विरघळतं.' मग त्यांचं त्यांनाच सुचलं: 'अहो, तेव्हा कुठलं आलंय बारीक मीठ? खडाच असणार.' पुढच्या गुरुवारी त्या खडेमीठ टाकलेला स्टीलचा तांब्या घेऊन आल्या. सकाळी बाप म्हणतो, रात्री टाकलेलं मीठ आण. पोरगा चाचपडतो, हाताला काही लागत नाही. मग चाखायला लावतो. वरून घे, कसं लागतं? खारट. मधून? खारट. तळाकडून? खारट. 'तसंच ते सत् इथे आहे, तुला दिसत नाही एवढंच. ते तू आहेस.'

तांब्या फिरत असताना माझ्या लक्षात आलं की बापाने मीठ बदललं नाही, पाणी बदललं नाही. हात लावून सापडत नव्हतं ते जिभेला सापडलं. शोधायचं साधन तेवढं बदललं.

अर्थाबाबत आचार्यांत एकमत नाही, हेही सांगायला हवं. शंकराचार्य 'तू' आणि 'ते' यांचं पूर्ण ऐक्य मानतात. रामानुजाचार्य म्हणतात की जीव हे ब्रह्माचं शरीर आहे, त्या नात्याने ऐक्य. मध्वाचार्य तर 'स आत्मा अतत् त्वम् असि' असा पदच्छेद करतात, म्हणजे 'ते तू नाहीस'! अक्षरं तीच, तोडायची जागा वेगळी. 'उपनिषदं असं म्हणतात' असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला मध्वाचार्य आठवतात.

यात बायका कुठे आहेत?

आहेत, आणि कोपऱ्यात बसलेल्या नाहीत. जनकाच्या सभेत सर्वांत मोठ्या विद्वानासाठी हजार गाई पैजेला लावलेल्या असतात. याज्ञवल्क्य वाद सुरू व्हायच्या आधीच शिष्याला म्हणतो, हाक गाई घराकडे. मग एकेक विद्वान त्याला प्रश्न घालतो. गार्गी वाचक्नवी दोनदा उठते. पहिल्यांदा ती 'हे कशात विणलेलं, ते कशात विणलेलं' असं विचारत ब्रह्मलोकापर्यंत नेते, तेव्हा तो दटावतो: जास्त विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते, पण निघून जात नाही. थोड्या वेळाने पुन्हा उठून म्हणते, दोन बाण घेऊन धनुर्धर उभा राहावा तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. उत्तरं मिळाल्यावर सभेला निकाल तीच देते: याला नमस्कार करून सुटलात तर नशीब समजा, याला कोणी जिंकणार नाही. शाकल्य ऐकत नाही. डोकं त्याचं पडतं.

मैत्रेयीचं 'ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू?' सगळ्यांना माहीत असतं. याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात वाटणी करणार असतो. कॉलेजातल्या मुलीने विचारलं, 'कात्यायनीला कोणी विचारलं का, तुला काय हवंय?' नाही विचारलं.

उपनिषदं वाचायचा अधिकार सगळ्यांना आहे का?

आज पुस्तक दुकानात मिळतं, वाचा. पण इतिहास गुळगुळीत करून सांगू नये. छांदोग्यात सत्यकाम नावाचा मुलगा शिकायला निघतो तेव्हा त्याची आई जबाला त्याला म्हणते, तारुण्यात मी अनेक ठिकाणी राबत होते, तुझं गोत्र मला माहीत नाही. पोरगा गुरूला जाऊन तेच जसंच्या तसं सांगतो. हारिद्रुमत गौतम म्हणतो, असं खरं ब्राह्मणच बोलेल, समिधा आण. ही गोष्ट उदारपणाचा दाखला म्हणून सांगतात. उपनिषदांचा अर्थ सूत्रांत मांडणाऱ्या ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात (शूद्राच्या अधिकाराची चर्चा करणाऱ्या भागात) मात्र हीच गोष्ट शूद्राला अधिकार नाही हे दाखवायला वापरली आहे: गुरूने आधी शूद्र नसल्याची खात्री केली, मगच शिकवलं, असं.

याचं उत्तर मराठीत मिळालं. ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात म्हणतात की वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. म्हणून, त्यांच्या मते, तो गीतारूपाने पुन्हा सर्वांसाठी आला. आणि तुकोबा तर सरळच म्हणाले, 'वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा.'

आत्मज्ञानासाठी संसार सोडावा लागतो का?

याज्ञवल्क्य सोडतो, जनक राज्य करत राहतो. ईशावास्याचा दुसरा मंत्र कर्म करतच शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी म्हणतो. शिवाय उद्दालकाने श्वेतकेतूला १५ दिवस उपाशी ठेवलं तेव्हा त्याला पाठ असलेला वेदही आठवेना, जेवल्यावर आठवला. तेव्हा घरी भांडून, जेवणावर रुसून कोणी वैराग्य घेऊ नये.

ज्ञान झालं हे कळतं कसं?

केनोपनिषद म्हणतं, मला नीट कळलं असं वाटत असेल तर तुला थोडंच कळलंय. यावरून कोणाला पारखायचं ते तुम्ही ठरवा. एका शिबिरात मी बरेच पैसे भरून तीन दिवस बसलो होतो, तिथे तिसऱ्या दिवशी दुपारी 'अनुभवाचं' प्रमाणपत्र मिळालं. लॅमिनेट केलेलं. अजून कपाटात आहे, प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्यांखाली.

आपल्याकडे हे विसरले होते आणि युरोपियनांनी शोधून काढलं, हे खरं का?

पठणात आणि भाष्यांत परंपरा कधी तुटली नव्हती. बाहेर जाण्याची वाट मात्र रंजक आहे. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७ मध्ये पंडितांच्या मदतीने ५० उपनिषदं फारसीत आणली, 'सिर्र-ए-अकबर' म्हणजे 'थोर गुपित' या नावाने. दोन वर्षांनी औरंगजेबाने त्याला मारलं. त्या फारसीवरून आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर छापलं, आणि ते जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने उशाशी ठेवल्यासारखं वाचलं. दाराने निवडलेला शब्द 'गुपित' होता, हे बघून मला बरं वाटतं.

मराठीत काय वाचावं?

विनोबांची 'ईशावास्यवृत्ती' आणि 'उपनिषदांचा अभ्यास' ही दोन आधी. वाक्यं लहान, पण घाईने वाचता येत नाहीत. शांकरभाष्य मराठीतून हवं तर विष्णुशास्त्री बापटांचं काम आहे. भाषा जुनी आहे, चिकाटी लागते. मूळ आणि संस्कृत टीका पाहायच्या तर पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने छापलेल्या प्रती. इंग्रजी चालत असेल तर गुरुदेव रा. द. रानडे यांचा १९२६ चा उपनिषदांवरचा ग्रंथ.

आणि ज्ञानेश्वरीची पहिली ओवी पुन्हा एकदा हळू म्हणून बघा: 'ॐ नमो जी आद्या। वेद प्रतिपाद्या। जय जय स्वसंवेद्या। आत्मरूपा॥' 'स्वसंवेद्य' म्हणजे ज्याचं त्यालाच कळणारा. इंद्राला १०१ वर्षं लागलेली गोष्ट एका शब्दात, तीही नमनातच.

संस्कृत येत नाही. चालेल?

चालेल, पण शब्द तोडायला शिका. 'तत् त्वम् असि' म्हणून तत्त्वमसि, त्यात दोन त. पाट्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'तत्वमसि' सर्रास दिसतं. त्यात एक 'त' गळतो, म्हणजे 'ते' आणि 'तू' यांतला एक अर्धामुर्धा होतो. चूक मुद्रणाची, पण मला दर वेळी खटकते.

एकट्याने वाचलं तर जमेल का, की गुरू हवाच?

एकट्याने वाचता येतं, शंका मात्र एकट्याला लवकर येत नाहीत. काकूंशिवाय मला खडेमीठ सुचलं नसतं. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलादाकडे जातात. तो म्हणतो, एक वर्ष राहा, मग हवं ते विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. 'ठाऊक असेल तर.' सहावा सुकेशा. तो सांगतो की हिरण्यनाभ नावाचा राजपुत्र माझ्याकडे सोळा कलांचा पुरुष कोण हे विचारायला आला होता. मी म्हटलं, मला माहीत नाही, माहीत असतं तर का सांगितलं नसतं? तो काही न बोलता रथात बसला आणि निघून गेला. तोच प्रश्न आता मी तुम्हाला विचारतो.

आम्ही गेले तीन गुरुवार या सहाव्या प्रश्नावर आहोत.